चढाईआधी दम तुटू नये म्हणून

मी लालबागची. कॉलेजात असताना चढाया करायचे, आता मुलींना कबड्डी शिकवते. आंतरमहाविद्यालयीन सामन्याच्या सकाळी एखादी तरी मुलगी हळूच जवळ येते, "ताई, पोटात कालवतंय. हात गार पडलेत." तिला मी "घाबरू नकोस" असं म्हणत नाही. माझ्या पहिल्या सामन्याआधी मला ते तिघांनी सांगितलं होतं. मध्यरेषा ओलांडली, निदान रेषेपर्यंत, म्हणजे समोरच्यांच्या अंगणात चढाईला ओलांडावीच लागते त्या रेषेपर्यंत, पोचायच्या आतच दम तुटला. समोरच्या कुणाचं बोटही लागलं नव्हतं आणि मी बाद.

तिला मी हे सांगते: भीती वाटली की श्वास वरच्यावर चालतो. कबड्डीत तर त्याच श्वासावर ३० सेकंदांची चढाई काढायची असते, म्हणून सुरुवात तिथूनच कर. एक हात पोटावर ठेव. चार आकडे मोजत नाकाने श्वास घे, सहा-सात आकडे मोजत तोंडाने सोड. खांदे उचलायचे नाहीत, पोट वर आलं पाहिजे. श्वास सावकाश सोडला की ठोके उतरायला लागतात. पाच-सहा वेळा केलंस की पुरे, जास्त केलंस तर चक्कर येईल. मग उभ्याउभ्याच हलक्या आवाजात 'कबड्डी कबड्डी' सुरू कर आणि आवाज कुठे थरथरतो ते ऐक. पण हे सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा करू नकोस. आधीचे तीन आठवडे रोज सरावात, धावून दमल्यावर कर, तरच ऐन वेळी आठवेल.

गार हात, पोटात गोळा, सारखं बाथरूमला जावंसं वाटणं, हे अॅड्रेनॅलिनचं काम आहे. रक्त पोटाकडून पायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं, आणि चढाईला तेच तर हवं असतं. म्हणून "मी घाबरलेय" म्हणण्याऐवजी "अंग तयार होतंय" असं स्वतःला ऐकू येईल इतकं मोठ्याने म्हण.

आदल्या रात्रीच नी-कॅप, बूट, ओळखपत्र बॅगेत भर. सामना रविवारी असेल तर मेगाब्लॉक बघून गाडी ठरव. आम्ही एकदा ते बघितलं नाही. दोघी कुर्ल्याला अडकल्या आणि वॉर्मअप न करताच मॅटवर उतरल्या. त्या दिवशी त्यांचे पाय उचलत नव्हते. तीन तास आधी पोहे नाहीतर उपमा खा, नंतर हवं तर केळं. रोजचा एक चहा चालेल, पण मैत्रिणींबरोबर तिसरं कटिंग नको, छातीतली धडधड वाढते.

ठोके कमी करायची गोळी कुणी देऊ केली तर घेऊ नकोस. तिरंदाजी आणि नेमबाजीत अशा गोळ्यांवर, म्हणजे बीटा ब्लॉकरवर, बंदीच आहे. चढाईत तर हृदयाला जोरात पळावंच लागतं, आणि दम्याच्या मुलीला अशी गोळी धोक्याची ठरू शकते.

सामना संपल्यावरही झोप लागत नसेल, आठवडेच्या आठवडे सरावाला यायचीच धास्ती वाटत असेल, तर ते एकटीने सोसू नकोस. मला सांग, घरी सांग. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर दिवसरात्र फुकट बोलता येतं, मराठीतही. परळच्या केईएम रुग्णालयात मनोविकारांची ओपीडी आहे. मी बरोबर येईन.

आता मॅटवर. पहिल्या चढाईत गुण आणायचा नाही, हे कर्णधाराशी आधीच ठरवून ठेव. सातही जणींकडे बघत बसू नकोस. उजव्या कोपऱ्यातल्या मुलीचे फक्त पाय बघ, ती वजन कुठल्या पायावर घेते तेवढं टिप. निदान रेषा ओलांड आणि परत ये. आल्यावर मला तिचा पाय सांग, बाकी काही विचारणार नाही.