घरी कापडावर ठसे छापताय? मग या चुका टाळा

"ताई, पहिल्याच धुण्यात रंग गेला. रंगच भिकार होता." घरी ठसेकाम सुरू केलं की महिन्याभरात मला हा फोन येतोच. मी एकच विचारते, कापड आधी धुतलं होतं का? पलीकडे शांतता.

नवा मांजरपाट हाताला करकरीत लागतो ती खळ, म्हणजे कापडाला लावलेला स्टार्च. त्यावर थेट छापलं की रंग धाग्याऐवजी खळीवर बसतो आणि खळीबरोबरच पाण्यात उतरतो. ही अक्कल मला 25 पिशव्या घालवून आली. संक्रांतीच्या वाणाला द्यायच्या होत्या, सुगडाचा ठसा मी स्वतः कोरला होता. कापड धुवायला वेळ कुठे होता, कापलं, छापलं, शिवलं. हळदीकुंकवाला कौतुक मिळालं. आठवड्याने शेजारच्या काकू पिशवी घेऊन दारात. सुगडाच्या जागी तांबूस ढग, कापड आटल्यामुळे शिवण चुणलेली. वर म्हणतात कशा, "अगं, पुढच्या वर्षी आपली प्लास्टिकची चाळणीच दे."

तेव्हापासून कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजतं, सकाळी गरम पाण्यात साबणाने धुते, वाळलं की पाण्याचा एक थेंब टाकून बघते. थेंब मण्यासारखा बसून राहिला तर परत धुणं. चटकन शोषला गेला तर काम सुरू. शंका असेल तर काठावर आयोडीनचा थेंब टाका, निळा-काळा झाला की समजा खळ आहे. कंडिशनर मात्र घालू नका, तोही धाग्यावर थर धरतो.

दुसरा माझा राग ठसा वाटीत बुडवणाऱ्यांवर. नक्षीच्या खाचा रंगाने भरतात आणि मोराची कोंबडी होते. ताटलीत ओलसर, पिळलेला स्पंज ठेवा, त्यावर ब्रशने रंग पसरा, ठसा नुसता टेकवा. पहिले दोन-तीन छाप चिंधीवर. रंग पुरावा म्हणून पाणी ओतणाऱ्यांचं मी काय सांगू? कडा फुटतात, मग कापडाला नावं ठेवतात.

छाप मध्येच पुसट येतो? टेबल कडक आहे. खाली जुनी गोधडी घाला. गादी नको, ती फार दबते.

अक्षरं कोरायची तर उलटी. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने सरळ लिहा, कागद ठसा कोरायच्या रबरावर पालथा घालून घासा, अक्षरं आपोआप उलटी उतरतात.

पॉलिस्टरवर हे रंग नीट धरत नाहीत, सुती घ्या.

आणि घाई. संध्याकाळी छापून सकाळी धुणारे लोक आहेत! साधे फॅब्रिक कलर निदान 24 तास वाळू द्यावे लागतात, पावसाळ्यात मी दोन दिवस देते. मग उलट्या बाजूने, वाफेशिवाय, कापडाला सोसेल तितक्या गरम इस्त्रीने दर भागावर तीन-चार मिनिटं, इस्त्री फिरती ठेवून. त्यानंतरही तीन दिवस पाणी दाखवत नाही. डबीवर वेगळं लिहिलं असेल तर डबीचं ऐका.

लाकडी ठसा काम संपताच जुन्या टूथब्रशने घासा आणि सावलीत वाळवा. बादलीत भिजत टाकलात तर तो वाकेल किंवा तडकेल, आणि मग परत फोन मलाच कराल.