मालदीवचा ‘इमुगा’ फॉर्म तारखेवरच अडत होता: माझा अनुभव

इंदूरहून आम्ही चौघं मालदीवला निघालो होतो. व्हिसा तिथे उतरल्यावर फुकट मिळतो, पण ‘इमुगा’ हे ऑनलाइन घोषणापत्र आधी भरावं लागतं. आठ दिवस आधी भरायला बसलो, तर फॉर्म प्रवासाच्या तारखेपुढे सरकेना. ब्राउझर बदलला, लॅपटॉप बदलला. राजवाड्याजवळच्या एका एजंटाने माणशी पैसे सांगितले, घोषणापत्र मोफत असूनही! दोन रात्री डोकं पिकलं.

कारण साधं निघालं: हा फॉर्म विमान सुटण्याआधीच्या ९६ तासांतच भरायचा असतो.

मग आधी खिडकीच्या उजेडात पासपोर्टच्या पानाचा फोटो काढला. ट्यूबलाइटखाली चमक येते, आणि तळाच्या दोन ओळी पूर्ण दिसायला हव्यात. चार दिवस उरल्यावर सरकारी साइटवर नाव पासपोर्टवर आहे तसंच टाकलं. विमान क्रमांक मुंबई-मालेचा, इंदूर-मुंबईचा नाही. इथेही मी आधी चुकलो होतो. मग हॉटेलचं नाव, बुकिंगवरून. आई आणि मुलीचेही फॉर्म वेगळे. क्यूआर कोड येताच स्क्रीनशॉट काढला.

परतीच्या विमानाआधी असाच दुसरा फॉर्म लागतो. तो बेटावरच्या वायफायवर भरला. तोवर आईने सोबतची शेव संपवली होती.