घरच्या वर्कशॉपमध्ये लेथ उतरवताना या चुका टाळा

जुनी लेथ (धातू फिरवत कापणारं मशीन) घेताना बेडची (बाकीचे भाग बसतात त्या लांब बैठकीची) झीज, स्पिंडलचा (फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा) खेळ, गिअरचा आवाज सगळं तपासलं जातं. ती घरात कशी शिरणार, हे मात्र गाडी दाराशी लागल्यावर सुचतं. सहा फुटी हलक्या लेथचं वजनही साधारण 700-800 किलो भरतं, दणकट असली तर हजाराच्या वर. पण अपघात नुसत्या वजनाने होत नाहीत. वजनाचा मध्य कुठे आहे हे न ओळखल्याने होतात. लेथचा भार वर आणि हेडस्टॉककडे (स्पिंडल असलेल्या टोकाकडे) असतो, पाय मात्र पुढून-मागून अरुंद. त्यामुळे ती पुढे किंवा मागे कोसळते. पिलर ड्रिल (खांबावरचं उभं ड्रिल मशीन) याहून वाईट, कारण मोटर आणि हेड सगळं डोक्यावर.

म्हणून हलवण्याआधी चक (काम पकडणारा जबडा), टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा सरकता आधार) आणि बाहेर लटकणारी मोटर काढा. पायांच्या भोकांतून बोल्ट घालून मशीन बाभळीच्या चार इंची ओंडक्यांवर आवळा: दोन आडवे, त्यांच्याखाली दोन लांबीला. दार तीन फुटी असेल तर ओंडक्यांची चौकट अडीच फुटांहून रुंद होऊ देऊ नका. अ‍ॅप्रनची (टूल सरकवणाऱ्या भागाच्या पुढच्या बाजूची) हँडलंही मापात घ्या, अडकतं ते तिथेच.

गाडी निवडताना ‘छोटा हत्ती’ची क्षमता सुमारे 750 किलो आहे हे लक्षात ठेवा. राजकोटहून येणारा माल कोंडाईबारीचा घाट चढून धुळ्याकडे येतो, कन्नड घाटातून चाळीसगावला येणाऱ्यालाही तशीच वळणं. घाटाच्या आधी आणि नंतर थांबून पट्टे पुन्हा आवळा. पट्टा बेडवरून किंवा पायांवरून जावा. लीड स्क्रू, फीड शाफ्ट (बेडच्या पुढून जाणारे लांब दांडे) आणि हँडलांवरून कधीच नको. शाफ्ट वाकतो, बिडाचं हँडल तर सरळ तुटतं.

उचलताना

गावात सर्रास होणारी चूक म्हणजे जेसीबीच्या बकेटच्या दाताला साखळी अडकवणं. बकेट थोडी कलली की साखळी दातावरून निसटते. ट्रॉली हायड्रॉलिकने उचलून मशीन घसरवणं त्याहून घातक, कारण एकदा सुटलेलं वजन थांबत नाही. तासाभरासाठी हायड्रा (छोटी फिरती क्रेन) बोलवा.

पट्ट्याचा कोनही बघा. 1000 किलोचं मशीन दोन पायांच्या (हुकापासून दोन बाजूंना उतरणाऱ्या) पट्ट्यावर उचललं, तर पट्टा आडव्या रेषेशी 60 अंशात असताना प्रत्येक पायावर सुमारे 580 किलो येतात, 45 अंशात 710 आणि 30 अंशात पूर्ण 1000. पट्टा आखूड पडला म्हणून ताणून अडकवला की तो इथेच दगा देतो. आधी फक्त दोन इंच उचला. हेडस्टॉक खाली झुकला तर मशीन टेकवा, कॅरेज (टूल सरकवणारा भाग) टेलस्टॉकच्या टोकाकडे सरकवून लॉक करा आणि पुन्हा उचलून बघा.

घरात चेन पुली टांगायला पंख्याचा हुक, पत्र्याच्या शेडचा अँगल किंवा धाब्याच्या घराची लाकडी कडी वापरू नका. धाब्यावर मातीचाच मोठा भार असतो. त्यात हजार किलोची भर घालणं म्हणजे छत खाली बोलावणं. जमिनीवर उभी केलेली जाड पाइपची तिपाई घ्या आणि तिचे पाय साखळीने एकमेकांना बांधा, नाहीतर फरशीवर ते फाकतात.

सरकवताना

रोलर म्हणून सव्वा-दीड इंची भरीव बार चांगला. पातळ पाइप चपटा होतो. खाली कायम किमान तीन रोलर हवेत, आणि तिरका झालेला रोलर हातोडीने ठोकून सरळ करा, हाताने नाही. पहारीने इंचभर उचललं की लगेच खाली इंचभर जाडीचा लाकडी गुटका सारा. पहार सटकली तरी मशीन गुटक्यावरच बसेल.

घराला दोन फुटी ओटा असेल तर उतार किमान बारा फूट लांब करा. तेवढ्या उतारावरही 1000 किलोचं मशीन 160 किलोंहून जास्त जोराने मागे ओढतं, म्हणून मागून दुसरा दोर ठेवा आणि उताराच्या खालच्या बाजूला कोणालाही उभं राहू देऊ नका. हुकूम एकाच माणसाचा.

बसवल्यावर

खरी डोकेदुखी काळ्या मातीची. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची फरशी सोबत हलवते. लेथच्या जागी दोन फूट काळी माती काढून मुरूम थराथराने ठोकून भरा, वर सहा इंच सळईचं काँक्रीट टाका. सात दिवस तरी पाणी मारा आणि मशीन 28 दिवसांनंतरच ठेवा.

वीज जोडल्यावर पहिली चाचणी चक न लावता घ्या. थ्री-फेज मोटर उलटी फिरली आणि स्पिंडल आट्यांचा (चक त्यावर फिरवून बसणारा) असला तर चक सुटून उडू शकतो. दिशा उलटी असेल तर मेन बंद करून कोणत्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल करा.

लेव्हल गवंड्याच्या पाणसळीने लागत नाही. मीटरला 0.02 मिमी दाखवणारी लेव्हल बेडवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना तीच खूण आणा. मग 40 मिमीचा बार चकमध्ये धरून, टेलस्टॉक न लावता, 150 मिमी अंतरावर दोन कॉलर (बारवरचे उठावदार गोल पट्टे) एकाच हलक्या कटने टर्न करा. बाहेरची (चकपासून दूरची) कॉलर आतल्यापेक्षा 0.02 मिमीहून अधिक जाड आली तर टेलस्टॉककडचा पुढचा पाय किंचित उचला, बारीक आली तर मागचा. हीच तपासणी आखाजीला माती भेगाळलेली असताना एकदा आणि पोळ्याला ती फुगलेली असताना एकदा पुन्हा करा.