घर विकले जाण्याआधी कुटुंबासह कॅनडाला जाताना

कॅनडाच्या कायम निवासाची कागदपत्रे हाती आलेल्या कुटुंबाला एकाच वेळी दोन वेळापत्रके सांभाळावी लागतात. त्यांपैकी एक कॅनडा सरकारने ठरवलेले असते. कायम निवासाच्या व्हिसाची मुदत बहुधा वैद्यकीय तपासणीपासून वर्षभराचीच असते आणि त्या मुदतीत तेथे पाऊल ठेवावेच लागते. दुसरे वेळापत्रक पुण्यातील किंवा ठाण्यातील फ्लॅटचे, आणि त्याला मुदतच नसते: गिऱ्हाईक येते, टोकन देते, बँकेकडे कर्ज मागते, बँकेचा वकील एक जुना कागद मागतो आणि तो मिळेपर्यंत दोन महिने निघून जातात. अशा वेळी जाण्याची तारीख घरविक्रीवर अवलंबून ठेवली, तर किंमत पाडून घर विकावे लागते किंवा व्हिसाची मुदत हातची जाते. म्हणून जायची तारीख आधी ठरवावी आणि आपण येथे नसतानाही विक्री पूर्ण होऊ शकेल एवढी कागदोपत्री तयारी निघण्यापूर्वी करून ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैशांचा हिशेबही याच धोरणाने मांडावा लागतो. फेडरल स्किल्ड वर्कर या गटातून जाणाऱ्यांना तेथे स्थिरावण्यापुरता निधी दाखवावा लागतो. त्यात घराची किंमत धरली जात नाही आणि कर्जाऊ पैसाही चालत नाही, त्यामुळे घर विकून निधी उभा करण्याचा बेत मुळातच उशिराचा ठरतो. पहिल्या वर्षाचे अंदाजपत्रक करताना घराचा एक रुपयाही येणार नाही असे समजावे, आणि घरावर कर्ज असल्यास त्याचा हप्ता, सोसायटीची देखभाल व मालमत्ता कर हे तेथील भाड्याच्या जोडीने खर्चात लिहावेत. ओंटारियोत घर भाड्याने घेताना पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचे भाडे सुरुवातीलाच देण्याची पद्धत आहे. ब्रिटिश कोलंबियासारख्या प्रांतात सरकारी आरोग्य विमा लागू होईपर्यंत दोन-तीन महिने खासगी विमा घ्यावा लागतो. हे सारे जमत नसेल, तर मुख्य अर्जदाराने आधी जाऊन काम शोधणे आणि जोडीदाराने मुलांसह व्हिसाच्या मुदतीत मागून येणे हा मार्ग खुला असतो. उलटा क्रम मात्र चालत नाही, कारण मुख्य अर्जदाराच्या आधी कुटुंबीयांना तेथे प्रवेश मिळत नाही.

निघण्याची तारीख आणि आयकर

तारीख ठरवताना शाळा, विमानाचे भाडे आणि थंडी यांचा विचार सगळेच करतात. आयकराचा विचार फार थोडे करतात, आणि घर न विकता जाणाऱ्यांच्या बाबतीत तोच सर्वांत महाग पडतो. एका आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस किंवा त्याहून अधिक राहिलेली व्यक्ती त्या संपूर्ण वर्षासाठी आयकराच्या दृष्टीने निवासी धरली जाते. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर हे १८३ दिवस होतात. म्हणजे तोपर्यंत सलग येथे राहून ऑक्टोबरात निघालेल्या माणसाने त्याच वर्षी ३१ मार्चपूर्वी घर विकले, तर ती विक्री निवासी व्यक्तीची ठरते. नोकरीसाठी जुलैत निघालेल्या माणसाने डिसेंबरात तेच घर विकले, तर ती अनिवासी व्यक्तीची विक्री होते.

हा फरक किती मोठा असू शकतो ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, २००५-०६ मध्ये २० लाखांना घेतलेला फ्लॅट २०२५-२६ मध्ये १ कोटीला विकला. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकाने वाढवलेली खरेदी किंमत धरून २० टक्के दराने होणारा कर आणि निर्देशांकाशिवाय साडेबारा टक्के दराने होणारा कर यांपैकी जो कमी असेल तो लागू होतो. निर्देशांक त्या काळात ११७ वरून ३७६ वर गेला. त्यामुळे खरेदी किंमत सुमारे ६४ लाख २७ हजार धरली जाते आणि अधिभार व उपकर सोडून कर सुमारे ७ लाख १५ हजार होतो. अनिवासी व्यक्तीला निर्देशांकाचा पर्यायच नाही. तिला ८० लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्क्यांनी १० लाख भरावे लागतात. अलीकडेच घेतलेल्या घरात हा फरक फारसा उरत नाही, परंतु जुन्या घरासाठी काही महिने उशिरा निघणे परवडते की नाही, हे ज्याने त्याने आकडेमोड करून पाहावे.

त्याहूनही त्रासदायक भाग टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या कराचा, आहे. विक्रेता निवासी असेल आणि व्यवहार ५० लाख किंवा अधिक रकमेचा असेल, तर खरेदीदार केवळ १ टक्का रक्कम कापून सरकारजमा करतो. विक्रेता अनिवासी असेल तर व्यवहारात बहुतेक खरेदीदार पूर्ण विक्री किमतीवर साडेबारा टक्के आणि शिवाय अधिभार व उपकर कापतात, मग प्रत्यक्ष नफा कितीही थोडा असो. १ कोटीच्या घरावर ८० लाख खरेदीचेच असले, तरी साडेबारा लाखांहून अधिक रक्कम कापली जाते आणि ती परत मिळवायला विवरणपत्र भरून थांबावे लागते. यावर उपाय म्हणजे कमी दराने करकपात करण्याचे प्रमाणपत्र. विक्रेत्याने आयकर खात्याकडे ऑनलाइन अर्ज करून ते मिळवायचे असते. ते हाती यायला काही आठवडे लागतात, म्हणून टोकन घेतानाच खरेदीदाराला तशी कल्पना द्यावी आणि साठेखतात (विक्रीआधीच्या करारात) तेवढी मुदत लिहून घ्यावी. आपण अनिवासी आहोत हे लपवून १ टक्क्यावर व्यवहार उरकण्याचा सल्ला काही दलाल सहज देऊन जातात. तो मानल्यास न कापलेल्या कराची जबाबदारी खरेदीदाराच्या अंगावर येते आणि भांडण पुन्हा आपल्याच दारी येते. (२०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होताना जुन्या कलमांचे व अर्जांचे क्रमांक बदलतात, म्हणून येथे ते दिलेले नाहीत. चालू क्रमांक सीएकडून घ्यावेत.)

मुखत्यारपत्र

आपल्या माघारी विक्री करायची, तर कोणाला तरी कुलमुखत्यार नेमावे लागते. हे काम निघण्यापूर्वी दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी करूनच उरकावे. कॅनडात गेल्यावरही भारतीय वकिलातीत किंवा तेथील नोटरीसमोर मुखत्यारपत्र करता येते, परंतु ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्याचे मुद्रांक शुल्क भरावे लागते. शिवाय मसुद्यात एखादा सर्व्हे नंबर चुकला, तर सगळे पुन्हा करावे लागते. महाराष्ट्रात घर विकण्याचा अधिकार मोबदल्याशिवाय आई, वडील, भाऊ, बहीण, पती, पत्नी, मुलगी, नातवंडे अशा जवळच्या नातेवाइकास दिल्यास मुद्रांक ५०० रुपयांचा असतो. तोच अधिकार मित्राला किंवा शेजाऱ्याला दिल्यास खरेदीखताइतके शुल्क लागते. नातेवाइकांतून निवड करायची ती केवळ विश्वास पाहून करू नये, तर त्या व्यक्तीचे वय, तब्येत आणि कचेऱ्यांत फेऱ्या मारण्याची तयारीही पाहावी. सत्तरी ओलांडलेल्या वडिलांच्या एकट्याच्या नावावर ही जबाबदारी टाकणे मला योग्य वाटत नाही. वडील आणि बहीण अशा दोघांना, एकत्र किंवा स्वतंत्रपणे काम करता येईल असा अधिकार द्यावा. घर पती-पत्नीच्या संयुक्त नावावर असेल, तर दोघांनीही मुखत्यारपत्र द्यावे लागते. तसेच मुखत्यारपत्र देणाऱ्याचा मृत्यू झाल्यास ते संपते, त्यामुळे इच्छापत्रही याच वेळी करून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

मसुद्यात अधिकार मोजके ठेवावेत: घर दाखवणे, साठेखत व खरेदीखतावर सही करणे, नोंदणीस हजर राहणे, सोसायटी, महावितरण व महापालिकेत अर्ज करणे आणि करविषयक कागद देणे. विक्रीची रक्कम केवळ मालकाच्याच बँक खात्यात जमा होईल असे वाक्य त्यात स्पष्टपणे घालावे. कमीत कमी किती किंमत घ्यायची हे मात्र मुखत्यारपत्रात लिहू नये, कारण तो कागद खरेदीदार वाचतो आणि तोच आकडा धरून बसतो. किमान किंमत, ती कोणत्या महिन्यानंतर किती खाली आणायची आणि दलाली किती द्यायची हे वेगळ्या पत्रात लिहून द्यावे. त्यामुळे कॅनडातल्या रात्री दोन वाजता फोनवर घासाघीस करण्याची वेळ येत नाही आणि नात्यातल्या माणसावर नंतर शब्दही येत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी की, केवळ मुखत्यारपत्र देऊन पैसे घेणे म्हणजे विक्री नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात हे स्पष्ट केले आहे, त्यामुळे मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच जाते.

कागदांची फाइल निघण्याच्या किमान दोन-तीन महिने आधी वकिलाकडून तपासून घ्यावी. मूळ करारनामा, आधीच्या मालकांचे करार असल्यास तेही, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातील व्यवहाराचा उतारा), भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट), मालमत्ता कराची पावती आणि सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला एवढे एकत्र असेल, तर खरेदीदाराच्या बँकेचे काम अडत नाही. भागदाखल्यावर अजून आधीच्या मालकाचेच नाव असणे ही नेहमीची अडचण असते, आणि ती आपण येथे असतानाच सुटते. मूळ कागद गृहकर्जाच्या बँकेत असतील, तर त्यांची यादी बँकेकडून लेखी घ्यावी. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणे रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकांवर बंधनकारक आहे.

घर रिकामे ठेवायचे की भाड्याने द्यायचे

भाडे येत राहिले तर हप्ता भागतो, म्हणून बहुतेकांचा कल भाड्याकडे असतो. वर्षभरात घर विकायचेच असेल, तर मी रिकामे घर पसंत करतो. राहण्यासाठी घर घेणाऱ्याला ताबा लगेच हवा असतो, भाडेकरूच्या सोयीने घर दाखवावे लागते आणि अनिवासी मालकाला दिलेल्या भाड्यातून भाडेकरूने ३१.२ टक्के टीडीएस कापायचा असतो. त्या कटकटीमुळे चांगले भाडेकरूही मागे फिरतात. पुण्यात स्वतःच्या राहण्याच्या घराला मालमत्ता करात मिळणारी ४० टक्के सवलतही भाड्याने दिल्यावर जाते. तरीही भाडे आवश्यकच असेल, तर लिव्ह अँड लायसन्सचा करार ११ महिन्यांचाच, नोंदणीकृत आणि एक महिन्याच्या नोटिशीने संपणारा करावा, कारण तोंडी व्यवहारात भाडेकरूला बाहेर काढण्याचा जलद मार्ग बंद होतो. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून आकारले जाणारे बिनभोगवटा शुल्क सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक आकारू शकत नाही. रिकामे ठेवलेले घर मात्र पावसाळ्यात कोणीतरी दर पंधरा दिवसांनी उघडून पाहिले पाहिजे. पाण्याचा मुख्य कॉक बंद ठेवावा, गॅसजोडणी परत करावी आणि वीज मात्र चालू ठेवावी, कारण अंधारात घर दाखवता येत नाही.

घरात मागे ठेवलेले सामान नंतर कॅनडात न्यायचे असेल, तर पहिल्यांदा उतरताना सीमाशुल्क अधिकाऱ्याला मागून येणाऱ्या वस्तूंची यादी द्यावी लागते. त्या यादीत नसलेल्या वस्तूंवर पुढे शुल्क लागू शकते.

बँक, मोबाइल आणि विक्रीनंतरचा पैसा

परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने स्थायिक होण्यासाठी देश सोडल्याबरोबर माणूस अनिवासी होतो, मग आयकराच्या दृष्टीने तो त्या वर्षी निवासी का असेना. या दोन व्याख्या वेगळ्या आहेत हे बँकेतील माणसालाही कधीकधी समजावून सांगावे लागते. साधे बचत खाते एनआरओ (अनिवासी व्यक्तीचे भारतातील रुपयांचे खाते) करून घ्यावे, गृहकर्जाचा हप्ता त्याच खात्याला जोडावा आणि विक्रीची रक्कमही तेथेच घ्यावी. आधारला जोडलेला भारतीय मोबाइल क्रमांक काही झाले तरी बंद पडू देऊ नये, कारण बँक, आयकर खाते आणि नोंदणी या सगळ्यांचे ओटीपी त्यावरच येतात. कर भरल्यानंतर एनआरओ खात्यातून एका आर्थिक वर्षात १० लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. त्यासाठी बँक सीएचे प्रमाणपत्र आणि करविषयक घोषणापत्र मागते.

कॅनडाचा करही विसरू नये. तेथे निवासी झाल्यावर जगभरातील उत्पन्न तेथे दाखवावे लागते, मात्र येथील घराची खरेदी किंमत म्हणून तेथे निवासी झालेल्या दिवसाचा बाजारभाव धरला जातो. म्हणून त्या तारखेचा मूल्यांकन अहवाल नोंदणीकृत मूल्यांककाकडून करून घ्यावा. अन्यथा दोन वर्षांनी घर विकताना तो भाव सिद्ध करणे जड जाते. भारतात भरलेल्या कराची वजावट तेथे मिळते, त्यासाठी चलने व विवरणपत्रे जपून ठेवावीत. भाड्याने दिलेले घर आणि इतर परदेशी मालमत्ता मिळून खरेदीमूल्य १ लाख कॅनेडियन डॉलरच्या वर जात असेल, तर तेथील टी११३५ या अर्जात ती जाहीर करावी लागते. निवासी झाल्याच्या पहिल्या वर्षी मात्र हा अर्ज भरावा लागत नाही.

विक्री झाल्यावर मुखत्याराकडून खरेदीखताची नोंदणीकृत प्रत, इंडेक्स टू आणि खरेदीदाराकडून टीडीएसचे प्रमाणपत्र मागवावे. सोसायटीत भागदाखला आणि महावितरणकडे मीटर नव्या मालकाच्या नावावर झाल्याची खात्री करावी, आणि मगच मुखत्यारपत्र रद्द करण्याचा दस्त नोंदवावा.