म्हादईच्या दरीत दोघांनी कसं जावं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एक सोपा समज आहे: वाट चुकली की पाण्यासोबत चालायचं, गाव लागतं. मलप्रभेच्या काठाने हे खरं ठरेल, कारण ती कणकुंबीहून निघून पूर्वेला, पठाराकडे जाते. म्हादई मात्र देगावजवळ उगम पावून पश्चिमेला गोव्यात उतरते. तिच्यासोबत खाली गेलात तर पुढ्यात धबधब्याचा कडा येईल. म्हणून पहिली गोष्ट, चुकलात तर खाली नाही, आल्या वाटेने वर.

त्याआधी कागद. २०११ पासून हा पट्टा भीमगड अभयारण्यात आहे. वनखात्याची परवानगी घ्या, मुक्काम कुठे चालेल ते तिथेच विचारा आणि गावातला वाटाड्या सोबत घ्या. मोसम डिसेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतो, जळवाही.

पाठीवर आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. साठ किलोच्या माणसाला बारा किलो पुष्कळ झाले. सामान वाटताना चूल एकाकडे आणि पातेलं दुसऱ्याकडे असं करू नका. चुकामूक झाली तरी दोघांकडे पाणी, बॅटरी, शिट्टी आणि एका वेळचं खाणं हवंच. आम्ही नाचणीची भाकरी आणि शेंगांची चटणी नेतो. बेळगावची मिठाई, कुंदा, नेला तर तो जांबोटीच्या पुढे टिकत नाही, बसमध्येच संपतो.

आता नदी ओलांडणं, इथेच माणसं फसतात. सॅकचा कमरेचा पट्टा आधी सोडा. मी एकदा आळसाने तो लावूनच उतरलो. शेवाळलेल्या काळ्या कातळावरून पाय सटकला आणि सॅकने मला उताणं धरलं. पाणी गुडघाभरच होतं, तरी बक्कल काढेपर्यंत नाकातोंडात गेलं. बूट काढू नका. हातात काठी घ्या, तोंड प्रवाहाकडे ठेवा, आडवं सरका, एका वेळी एकच पाय उचला. धट्टाकट्टा गडी वरच्या अंगाला, दुसरा त्याच्या मागे सॅक धरून. पाणी मांडीला लागलं की परत फिरा.

काठावर थांबताना पाण्याच्या कडेला एक दगड मांडून ठेवा. चहा होईपर्यंत तो बुडाला किंवा पाणी गढूळ झालं, तर वर कुठेतरी पाऊस झालाय. तुमच्या डोक्यावरचं आभाळ निळं असेना का, सामान उचला.

गवा दिसला तर थांबा, त्याला वाट द्या. अस्वलांमुळे पहाटे आणि तिन्हीसांजेला बोलत चला.

दरीत मोबाइलला रेंज नसते. कुठून जाणार, कधी परतणार हे घरी कागदावर लिहून ठेवा. परत फिरायची वेळ निघण्याआधीच ठरवा, दुपारी दोन म्हणजे दोन. सोबती "आणि एक वळण बघूया की" म्हणणारच. माझा दर वेळी म्हणतो.