पपेट सर्व्हर स्क्रिप्टने उभा करताना या चुका टाळा

पपेट सर्व्हर (अनेक मशीनची रचना एकाच जागेवरून ठरवणारं सॉफ्टवेअर) हाताने बसवायला फार काही लागत नाही. पॅकेज टाकलं, मेमरी ठरवली, सर्व्हिस सुरू केली, की सर्व्हर ८१४० पोर्टवर ऐकायला लागतो. त्यामुळे ही सगळी पावलं एका शेल स्क्रिप्टमध्ये किंवा क्लाउड-इनिटमध्ये (क्लाउडवरचं मशीन पहिल्यांदा उठताना त्याची मांडणी करणारं साधन) टाकून मोकळं व्हावंसं वाटतं. पहिल्यांदा ती स्क्रिप्ट चालतेही. घोळ होतो तो दुसऱ्यांदा. ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली म्हणून किंवा व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) गेलं म्हणून त्याच स्क्रिप्टने नवा सर्व्हर उभा करावा, तर एकही नोड (पपेट सर्व्हर सांभाळतो ते मशीन) त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार होत नाही.

कारण स्क्रिप्टने दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरलेल्या असतात. एक म्हणजे सॉफ्टवेअर: पॅकेज, कॉन्फिग, मॉड्यूल. हे कितीही वेळा पुसून पुन्हा टाकता येतं. दुसरी म्हणजे सीए (सर्टिफिकेट ऑथॉरिटी), म्हणजे प्रत्येक नोडच्या सर्टिफिकेटवर सही करणारी यंत्रणा. घर पाडून पुन्हा बांधता येतं, पण सातबारा हरवला तर नव्या घराचा उपयोग नाही. सीएचं तसंच आहे. खालच्या बहुतेक चुका हा फरक न पाळल्यामुळे होतात.

स्क्रिप्ट दर वेळी नवा सीए तयार करते

पपेट ६ पासून सीए बनवण्यासाठी 'पपेटसर्व्हर सीए सेटअप' ही कमांड आहे. ती रूट आणि इंटरमीडिएट अशी दोन सर्टिफिकेटं तयार करते. जुन्या फायली सापडल्या तर ती काम थांबवते आणि खरोखरच नवा सीए हवा असेल तर आधी या फायली काढा, असं सांगते. हा इशारा अगदी योग्य आहे. पण स्क्रिप्ट अडली की घाईत कुणीतरी त्या ओळीच्या वर 'आरएम -आरएफ' (न विचारता फायली पुसणारी कमांड) लिहितं आणि अडचण सुटल्यासारखी वाटते. पुढच्या वेळी स्क्रिप्ट चालली की जुना सीए जातो, आणि प्रत्येक नोडवर 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड' दिसायला लागतं, कारण नोडकडे जुन्या सीएची प्रत जपून ठेवलेली असते.

स्क्रिप्टमध्ये इथे तीन वाटा हव्यात. सीएची फोल्डर भरलेली असेल तर हात लावायचा नाही. रिकामी असेल आणि बॅकअप असेल तर बॅकअपमधून आणायची. दोन्ही नसेल, आणि 'हा अगदी नवा सर्व्हर आहे' असं चालवणाऱ्याने स्पष्टपणे सांगितलं असेल, तरच सेटअप चालवायचा. हे सगळं सर्व्हिस पहिल्यांदा सुरू होण्याआधी झालं पाहिजे. सीए सापडला नाही तर सर्व्हर सुरू होतानाच आपला नवा सीए बनवून घेतो, कुणाला विचारत नाही.

पपेट ६ पर्यंत सीए एसएसएल फोल्डरच्या आतच असायचा. नोडचं सर्टिफिकेट बिघडलं की एसएसएल फोल्डर उडवायची सवय सगळ्यांनाच असते. तीच सवय सर्व्हरवर वापरली की अख्खा सीए जायचा. हे टाळण्यासाठीच पपेट ७ मध्ये सीएची मूळ जागा बदलून '/ईटीसी/पपेटलॅब्ज/पपेटसर्व्हर/सीए' केली. तुमची बॅकअप स्क्रिप्ट जुन्या काळातली असेल तर ती नक्की कोणती फोल्डर उचलते ते आजच बघा. नव्या रचनेत जुन्या जागी नुसती सिमलिंक (खऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण) असू शकते, आणि सिमलिंकचा बॅकअप म्हणजे काहीच नाही.

बॅकअप शिळा असला तरी एक सूक्ष्म अडचण येते. सीए प्रत्येक सर्टिफिकेटला अनुक्रमांक देतो आणि पुढचा अंक 'सीरियल' नावाच्या फाइलमध्ये ठेवतो. महिन्यापूर्वीचा बॅकअप परत आणला तर त्या महिन्यात दिलेले क्रमांक पुन्हा वाटले जातात. सर्टिफिकेट रद्द करताना ते नावाने नव्हे, क्रमांकाने रद्द होतं. त्यामुळे एक नोड काढून टाकावा, तर भलताच चालू नोड बंद पडतो. जुना बॅकअप वापरावाच लागला तर त्या फाइलमधला आकडा बराच पुढे न्या. तो हेक्साडेसिमलमध्ये असतो, हे विसरू नका.

नाव पक्कं होण्याआधी सर्टिफिकेट बनतं

क्लाउडवर ही चूक हमखास होते. मशीन उठल्याबरोबर त्याचं नाव क्लाउडने दिलेलं असतं. एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये ते 'आयपी-१०-०-१-५.एपी-साउथ-१.कंप्यूट.इंटर्नल' अशा धर्तीचं असतं. स्क्रिप्टने होस्टनेम बदलण्याआधी सीए सेटअप चालवला की सर्टिफिकेटवर तेच नाव बसतं. एजंट (नोडवर चालणारा पपेटचा प्रोग्राम) मात्र 'पपेट' किंवा तुमच्या डीएनएसमधल्या नावाने हाक मारतो आणि उत्तर येतं: 'सर्व्हर होस्टनेम डिड नॉट मॅच सर्व्हर सर्टिफिकेट'. हा संदेश नीट वाचा. त्यात सर्टिफिकेटवर कोणती नावं आहेत तेही दिलेलं असतं, म्हणजे निदान तिथेच होतं.

होस्टनेमवर अवलंबूनच राहू नका. 'सर्टनेम' (सर्टिफिकेटवरचं मुख्य नाव) आणि 'डीएनएस ऑल्ट नेम्स' (पर्यायी नावं) हे दोन्ही पपेटच्या कॉन्फिगमध्ये आधी लिहा आणि मग सेटअप चालवा. सगळी नावं लहान अक्षरांत ठेवा. सर्टनेममध्ये मोठी अक्षरं चालत नाहीत. पुढे लोड बॅलन्सर येणार असेल तर त्याचं नावही आत्ताच घाला. नाव घालायचं राहिलंच, तर फक्त सर्व्हरचं स्वतःचं सर्टिफिकेट नव्याने काढा. त्यासाठी सीए पुसायची काहीही गरज नसते, तरी घाबरून लोक नेमकं तेच करतात.

घड्याळाबद्दल थोडं. वेळ चुकीची असली की सर्टिफिकेट बिघडतं, असं सरसकट सांगितलं जातं. पपेटचा सीए सर्टिफिकेटची सुरुवात एक दिवस मागची धरतो, त्यामुळे यूटीसी आणि भारतीय वेळेतला साडेपाच तासांचा गोंधळ सहसा खपून जातो. पण जुन्या स्नॅपशॉटवरून उठलेलं व्हीएम आठवडाभर मागे असेल तर 'नॉट येट व्हॅलिड' येणारच. तेव्हा सेटअपच्या आधी क्रोनी (घड्याळ जुळवणारी सर्व्हिस) चालू करा आणि वेळ जुळेपर्यंत थांबा.

यश आलं तरी स्क्रिप्ट मरते

ही चूक शोधताना माणूस थकून जातो. स्क्रिप्टच्या वर 'सेट -ई' असतं, म्हणजे कोणतीही कमांड शून्याशिवाय काही परत करेल तिथे स्क्रिप्ट थांबणार. सवय म्हणून हे चांगलंच आहे. पण 'पपेट एजंट -टी' यशस्वी झाला आणि त्याने काही बदल केले, तर तो २ परत करतो. शून्य याचा अर्थ बदलण्यासारखं काही नव्हतं. ४ म्हणजे काही रिसोर्स (फाइल, पॅकेज, सर्व्हिस वगैरे) फसले, ६ म्हणजे काही बदलले आणि काही फसले, १ म्हणजे रनच झाला नाही किंवा आधीचा रन अजून चालू आहे. नव्या सर्व्हरवर पहिल्या रनमध्ये बदल होणारच, म्हणजे सगळं नीट झालं तर स्क्रिप्ट नक्की थांबणार. लॉगमध्ये एकही लाल ओळ नाही आणि पुढची पावलं गायब, असं दिसलं की आधी हेच तपासा. ० आणि २ ही यशाची उत्तरं माना, बाकी सगळी अपयशाची.

याच घरातली दुसरी तक्रार म्हणजे 'पपेट: कमांड नॉट फाउंड'. हाताने लॉगिन केलं की कमांड चालते, क्लाउड-इनिटमधून चालत नाही. पपेटची पॅकेजं '/ऑप्ट/पपेटलॅब्ज/बिन' मध्ये बसतात, आणि तो रस्ता पाथमध्ये येतो तो लॉगिन शेलमुळे. स्क्रिप्टला लॉगिन शेल मिळत नाही, सुडोचा पाथही वेगळा असतो. स्क्रिप्टमध्ये कायम पूर्ण पाथ लिहा.

मेमरी

पॅकेजमध्ये जावा हीप (सर्व्हरच्या जावा प्रोग्रामला मिळणारी मेमरी) २ जीबी ठरवलेली असते. २ जीबीच्याच व्हीएमवर सर्व्हर टाकला की कर्नल त्याला मारून टाकतो, आणि पपेटसर्व्हरच्या स्वतःच्या लॉगमध्ये त्याची एक ओळही सापडत नाही. ती सापडते सिस्टीमच्या लॉगमध्ये, म्हणजे डीमेसेज किंवा जर्नलमध्ये. उलट मोठ्या मशीनवर वेगळा त्रास होतो. सर्व्हर प्रोसेसरच्या संख्येतून एक वजा करून तितके जेरुबी इन्स्टन्स (पपेटचा रुबी कोड जावावर चालवणाऱ्या प्रती) उघडतो, जास्तीत जास्त चार. प्रत्येकी साधारण ५१२ एमबी आणि बाकीच्या कामाला आणखी ५१२, असा हिशेब धरला तर चार इन्स्टन्सना २ जीबी अपुरे पडतात. स्क्रिप्टने हीप आणि इन्स्टन्सची संख्या दोन्ही लिहावीत; एक आकडा लिहून दुसरा नशिबावर सोडू नये.

सुरक्षेच्या नियमांनुसार '/टीएमपी' वर नोएक्झेक (तिथून काहीही चालवायला बंदी) लावलेलं असेल तर सर्व्हर उठतच नाही, कारण जेरुबीला तिथे लायब्ररी उघडून चालवावी लागते. जावाची तात्पुरती फोल्डर दुसरीकडे वळवा.

'ऑटोसाइन' खुलं सोडणं

सर्टिफिकेटवर हाताने सही करायला नको म्हणून ऑटोसाइन 'ट्रू' केलं जातं, 'नंतर बंद करू' म्हणून. ते नंतर कधी येत नाही. याचा अर्थ, ८१४० पोर्टपर्यंत पोहोचणारा कुणीही हवं ते नाव सांगून सर्टिफिकेट मिळवू शकतो आणि त्या नावाचा कॅटलॉग (त्या नोडवर काय काय असावं याची यादी) मागू शकतो. कॅटलॉगमध्ये डेटाबेसचे पासवर्ड असतात. डोमेननुसार सही करणारी यादीही फारशी बरी नाही, कारण नाव तर मागणाराच ठरवतो.

योग्य मार्ग म्हणजे पॉलिसी स्क्रिप्ट. नोडच्या विनंतीत एक गुप्त शब्द असतो, सर्व्हरवरची छोटी स्क्रिप्ट तो तपासते आणि शून्य परत केलं तरच सही होते. गुप्त शब्द 'चॅलेंज पासवर्ड' या कस्टम अॅट्रिब्यूटमध्ये ठेवा. एक्स्टेन्शनमध्ये ठेवलात तर तो सर्टिफिकेटवर कायमचा छापला जातो. नोडवर 'सीएसआर अॅट्रिब्यूट्स' ची फाइल एजंटच्या पहिल्या रनआधी असली पाहिजे. विनंती एकदा तयार झाली की नंतर फाइल टाकून काही होत नाही.

सगळं बरोबर असूनही सही होत नसेल तर पॉलिसी स्क्रिप्टची परवानगी बघा. फाइल एक्झिक्युटेबल नसेल तर पपेट तिला नावांची साधी यादी समजतो आणि तुमचा कोड नोडची नावं म्हणून वाचतो. एरर काहीच येत नाही. शिवाय ती 'पपेट' या युजरला चालवता आली पाहिजे, नुसतं रूटला चालून भागत नाही.

कोड आणतानाचे अडथळे

आर-१०-के (गिटमधला पपेट कोड सर्व्हरवर आणणारं साधन) पहिल्यांदा गिट सर्व्हरशी बोलतो तेव्हा एसएसएच विचारतं, या होस्टवर विश्वास ठेवायचा का? समोर टर्मिनल नाही, 'येस' म्हणणारं कुणी नाही, आणि काम 'होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड' वर संपतं. तपासणीच बंद करणं हा उपाय नव्हे. ज्या सर्व्हरवरून तुमच्या सगळ्या मशीनचा कोड येतो तिथे तर अजिबातच नव्हे. होस्टची की आधीच 'नोन होस्ट्स' मध्ये टाकून ठेवा.

कोड आला, तरी 'कुड नॉट फाइंड क्लास'? फाइल डोळ्यांना दिसते, स्पेलिंग बरोबर आहे. मग यूमास्क (नव्या फायलींच्या परवानग्या ठरवणारी सेटिंग) बघा. कडक केलेल्या सर्व्हरवर रूटचा यूमास्क ०७७ असला, तर रूटने आणलेल्या फायली 'पपेट' युजरला वाचताच येत नाहीत. रूटने फाइल उघडून बघण्यात अर्थ नाही. 'पपेट' युजर होऊन ती वाचून बघा.

पपेटडीबीचा क्रम

पपेटडीबी (नोडची माहिती साठवणारी सर्व्हिस) उठण्याआधीच कॉन्फिगमध्ये स्टोअरकॉन्फिग्ज (ती माहिती साठवायला लावणारी सेटिंग) चालू केलं, की सर्व्हर नोडचे फॅक्ट्स (मशीनबद्दलची माहिती) तिकडे पाठवायला जातो, अपयशी ठरतो, आणि कॅटलॉग मिळत नाही. मग पपेटडीबी बसवणारा रनही होत नाही. आधी सर्व्हर, मग त्याच मशीनचं एजंट सर्टिफिकेट, मग पोस्टग्रेस, मग पपेटडीबी आणि त्याचा एसएसएल सेटअप, आणि ८०८१ पोर्ट उत्तर देतोय हे पाहून शेवटी जोडणी.

पॅकेज कुठून येतात

जुन्या स्क्रिप्टमध्ये रेपोचा पत्ता आणि 'लेटेस्ट' एवढंच लिहिलेलं असतं. पर्फोर्सने २०२२ मध्ये पपेट कंपनी घेतली, आणि नवी तयार पॅकेजं पूर्वीसारखी खुल्या रेपोत येणार नाहीत असं २०२४ च्या शेवटी जाहीर झालं. त्यावर व्हॉक्स प्युप्युली या समुदायाने ओपनव्हॉक्स ही शाखा काढली. रेपो कोणताही घ्या, पण आवृत्ती आकड्यासकट पक्की करा. पपेट ८ मध्ये जुने लेगसी फॅक्ट्स पाठवणं मुळात बंद आहे आणि नियम कडक आहेत. बेसावधपणे ७ वरून ८ वर उडी पडली तर कालपर्यंत चालणारी मॉड्यूल आज कंपाइल होत नाहीत.

स्क्रिप्ट खरी आहे का ते बघायचं असेल तर

रिकाम्या मशीनवर ती एकदा चाललेली बघणं पुरेसं नाही. एक चाचणीचा सर्व्हर आणि दोन नोड उभे करा. दोन्ही नोडचा रन होऊ द्या. सीएच्या रूट सर्टिफिकेटचा फिंगरप्रिंट (त्याची ओळख पटवणारा आकडा) लिहून ठेवा. सीएचा बॅकअप घ्या, सर्व्हरचं व्हीएम डिलीट करा आणि तीच स्क्रिप्ट नव्या व्हीएमवर चालवा. फिंगरप्रिंट तोच आला पाहिजे, आणि नोडवर लॉगिनही न करता पुढच्या अर्ध्या तासात, म्हणजे एजंटच्या नेहमीच्या फेरीत, दोघांचेही रिपोर्ट यायला हवेत. मग त्याच चालू सर्व्हरवर स्क्रिप्ट आणखी एकदा चालवा आणि फिंगरप्रिंट पुन्हा ताडून बघा. पहिल्यांदा जुळलेला इथे बदलला, तर सीए पुसणारी ओळ अजून स्क्रिप्टमध्ये कुठेतरी आहे.