आधी वारसनोंद, वाटणीचं नंतर

वडील गेले की ‘वाटणी ठरू दे, मग नावं लावू’ म्हणत भावंडं अडून बसतात आणि सातबारा वर्षानुवर्षं वडिलांच्याच नावावर राहतो. उलट करा. वारसनोंद म्हणजे सातबाऱ्यावर सगळ्या वारसांची नावं लावणं, वाटणी नव्हे, त्यामुळे तिच्यात भांडायला फारसं काही नसतं.

१. मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा), वारसांचं प्रतिज्ञापत्र जमवा.
२. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे किंवा ‘ई-हक्क’ या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करा.
३. आईचं आणि सासरी गेलेल्या बहिणींचंही नाव घाला. ‘ताईला कुठं हवंय’ हे परस्पर ठरवू नका. बहुतेक भांडणं तिथंच पेटतात.

तेराव्याच्या गर्दीत कोणी हक्कसोडीचा कागद पुढे केला तर सही करू नका. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र सहजासहजी मागे घेता येत नाही.